आता तिथे माझं मत नाही

प्रिय मुक्ता,

रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मोहनकाका आणि सतीशकाका खरी शिवसेना कुठली यावरून इतके हमरीतुमरीवर आले, की शेवटी सतीशकाका न जेवताच निघून गेले. येताना गाडीत तू विचारलंस, "आई, तुम्ही सगळे तो देश सोडून आलात ना? मग तिथल्या निवडणुकीवरून इथे का भांडता? तुम्हाला तिथे मतसुद्धा नाही." थोडा वेळ गप्प राहून पुढे म्हणालीस, "मराठी असणं म्हणजे हेच का?"

मी काहीच बोलले नाही. "सोडून आलात" हे शब्द लागले मला. तू चुकीचं बोलली नाहीस, म्हणूनच लागले. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी माझं भारतातलं मत संपलं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना निदान नाव नोंदवून, विमानाचं तिकीट काढून, गावी जाऊन मत देता येतं. आपल्याला तेही नाही. हे सगळं समजून-उमजून केलं आणि मला त्याचा पस्तावा नाही. तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला गाडीत देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. मराठी वाचताना अडलीस तर बाबांना विचार.

आमच्या घरात निवडणूक म्हणजे अण्णाआजोबांची ड्युटी. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीला त्यांना केंद्रावर जावं लागायचं. आदल्या दिवशी राजापूरच्या तहसील कचेरीतून साहित्य घ्यायचं. लोखंडी मतपेट्या, मतपत्रिकांचे गठ्ठे, शाईची बाटली, सुतळी, लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का. मग एसटीने किंवा जीपने, कधी खाडी होडीतून ओलांडून ज्या शाळेत केंद्र असेल तिथे जायचं आणि रात्री तिथल्याच बाकांवर झोपायचं. आजी त्यांना दोन दिवसांच्या भाकऱ्या, सुकी चटणी आणि एक जास्तीचं धोतर बांधून द्यायची. मतदान संपून, पेट्या सील करून, त्या जमा करून ते परत येत तेव्हा मध्यरात्र उलटलेली असे. आम्ही भावंडं जागी असायचो. कोण येणार, असं विचारलं की म्हणायचे, "पेटीला माहीत."

ते स्वतः कोणाला मत देतात हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, आजीलासुद्धा नाही. आजीनेही त्यांना कधी सांगितलं नाही. तुला हे विचित्र वाटेल, पण एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या दोन माणसांनी आयुष्यभर ही गोष्ट एकमेकांपासून राखली आणि त्यात दुरावा नव्हता. उलट मला वाटतं, आजीला त्या घरात पूर्णपणे तिची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

एक प्रसंग अण्णांनी जेवताना सांगितला होता. एक मच्छीमार केंद्रावर आला, तर त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेलं. बाहेर रांग, आत पक्षांचे प्रतिनिधी घाई करतायत. अण्णांनी त्याला परत पाठवलं नाही. अशा माणसासाठी प्रदत्त मतपत्रिका असते. त्याला प्रश्न विचारून तो तोच असल्याची खात्री करायची, वेगळ्या यादीत नोंद करायची, सही नाहीतर अंगठा घ्यायचा, मतपत्रिकेच्या मागे तसं लिहायचं आणि त्याने शिक्का मारल्यावर ती पेटीत न टाकता वेगळ्या पाकिटात ठेवायची. दादाने विचारलं, "मग ते मत मोजतात?" अण्णा म्हणाले, "नाही. प्रकरण कोर्टात गेलं तरच ते पाकीट उघडण्याची वेळ येते." "मग कशाला एवढं केलंत?" यावर अण्णा जरा रागावले. "तो होडी वल्हवून आला होता," एवढंच म्हणाले आणि ताट उचलून उठले.

मी असल्या घरातली आहे. त्यामुळे नंतर जे बघितलं ते मला फार जड गेलं.

तेव्हा आमचा लोकसभा मतदारसंघ राजापूर. आजीने तरुणपणी तिथले खासदार नाथ पै यांची सभा ऐकलेली. त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते निवडून येत. कोकण रेल्वे व्हावी म्हणून त्यांनी जन्म वेचला. १९८९ साली ते केंद्रात अर्थमंत्री झाले, तेव्हा आमच्या आळीत घरचं कुणी मंत्री झाल्यासारखा आनंद झाला होता. तेव्हा निकाल दूरदर्शनवर लागायचे, मधेमधे हिंदी सिनेमे दाखवायचे, आणि ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर निम्मी वाडी जागी असायची. मग १९९१ मध्ये त्याच दंडवत्यांना आमच्याच लोकांनी हरवलं. मला रडू आलं होतं, आणि ते बघून अण्णांनी समजावलं की हरवण्याचा हक्क आहे म्हणूनच निवडून देण्याला किंमत आहे. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिंकलेल्यांच्या पक्षात गेला नाही. त्या वेळी हे कुणी मुद्दाम बोलूनही दाखवलं नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

आता २०१९ घे. लोकांनी ऑक्टोबरात मत दिलं. नोव्हेंबरच्या २३ तारखेला लोक झोपेतून उठतात तो राजभवनात शपथविधी उरकलेला. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. मग तिसरंच सरकार. २०२२ च्या जूनमध्ये त्यातले शिवसेनेचे आमदार आधी सुरतला, मग गुवाहाटीला. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीचंही तेच. पक्षांतर रोखायला १९८५ पासून कायदा आहे. शिवसेनेच्या आमदारांचा निकाल लागायला दीड वर्ष गेलं आणि शेवटी अपात्र कोणीच ठरलं नाही, ना या बाजूचं ना त्या. तू सहलीला गेलीस की "काय झाडी, काय डोंगर" म्हणतेस ना, ते त्याच दिवसांतलं आहे. गुवाहाटीच्या त्या हॉटेलाबाहेर वाहिन्यांच्या गाड्या मुक्काम ठोकून होत्या आणि त्याच आठवड्यांत आसामात पुराने लाखो माणसं बेघर झाली होती. सगळा महाराष्ट्र ते वाक्य म्हणून हसत होता. मी फोन केला तेव्हा आजी मात्र म्हणाली, "अगो, मी कोणाला दिलं ते सांगायची नाही. पण ते आता कुठे जाऊन बसलंय, ते मला तरी कुठे ठाऊक आहे?"

मोहनकाका आणि सतीशकाका ज्यावरून भांडत होते ते हेच आहे, मुक्ता. त्यांना पक्ष प्रिय आहेत म्हणून ते भांडतात असं तुला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. दोघांचीही मतं कोणीतरी उचलून नेली आहेत आणि ती कोणी नेली, यावर त्यांचं जुळत नाही.

पुढाऱ्यांइतकाच, किंबहुना जास्त राग मला बातम्यांचा येतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रं आली, तेव्हा बायका भर उन्हात त्या तापलेल्या कातळावर आडव्या झाल्या. त्यांना उचलून गाड्यांत घातलं, अश्रुधूर सोडला. बारसू आपल्या तालुक्यातलं. त्यातल्या कितीतरी बायका आजीच्या ओळखीच्या घरांतल्या. मी इथे स्वयंपाकघरात फोन टेकवून बघत होते आणि पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसं एकमेकांवर ओरडत होती. तू सत्तेत असताना काय म्हणालास, मी विरोधात असताना काय म्हणालो. हे खरंही होतं. विरोधात असला की प्रकल्पाला विरोध आणि सत्तेत आला की जागा सुचवायची, हे तिथे लोकांनी एकापेक्षा जास्त पक्षांकडून पाहिलेलं आहे. पण कातळावर पडलेल्या त्या बाईला दोन मिनिटं सलग बोलू दिलेलं मला दिसलं नाही. जमिनीचं काय, पाण्याचं काय, सड्यावरच्या कातळशिल्पांचं काय, काही नाही. चार दिवसांनी गाड्या दुसरीकडे गेल्या.

आणि त्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, त्याच राजापुरात, या प्रकल्पाबद्दल बातम्या देणाऱ्या एका स्थानिक पत्रकाराला पेट्रोल पंपाजवळ गाडीखाली चिरडलं होतं. ज्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला, त्याच माणसाबद्दलची बातमी त्या दिवशी सकाळी छापून आली होती. तो पत्रकार दुचाकीवरून गावोगाव फिरून बातम्या गोळा करायचा. म्हणून "सगळे पत्रकार विकले गेलेत" असं मंडळात कोणी म्हणालं की माझा आवाज चढतो. रविवारीही चढला होता, ते तू बघितलंस.

रस्त्याबद्दल तुला सांगायला नको. माणगावच्या कोंडीत गाडीत तुला किती त्रास झाला होता. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण तुझ्या जन्माच्या आसपास सुरू झालं. दर गणपतीच्या आधी कोणीतरी मंत्री पाहणी करतो आणि नवी तारीख देतो. अण्णांच्या जुन्या शाळेची कौलं गळायची, तर तक्रार करायला माणूस नव्हता, कारण २०२२ च्या मार्चनंतर तीन वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेला निवडून आलेला सदस्यच नव्हता, नुसता प्रशासक. या निवडणुका रखडल्या, त्यावर वाहिन्यांवर किती चर्चा झाली? मला तरी फारशी दिसली नाही. कौलांवर ओरडणार काय.

आता तुझी बाजू. तुझं म्हणणं मला अगदीच पटत नाही असं नाही. इथे शनिवारी शाळेत जायचं, कागदावर आकडे लिहायचे, बाहेर पावातलं सॉसेज खायचं आणि घरी यायचं. मतदान सक्तीचं आहे, तरी कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. मला हे फार आवडतं. पहिल्यांदा इथे मत दिलं तेव्हा अण्णांना हे केंद्र दाखवायला हवं होतं असं वाटलं. आणि इथल्या काउन्सिलच्या निवडणुकीत मी कधी इतकी तापत नाही, हेही तुझं बरोबर आहे. लांबून ओरडणं सोपं असतं. आम्हाला ना तिथले खड्डे चुकवायचे असतात, ना तिथल्या दवाखान्यात रांग लावायची असते. कधी कधी मला शंका येते की आमचं भांडण म्हणजे आम्ही अजून तिथलेच आहोत हे स्वतःला पटवणं आहे. तसं असेल तर तुला त्यात ओढण्याचा मला काही अधिकार नाही.

पण आजीचं बघ. २०२४ च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी येऊन मत घेण्याची सोय होती. आजी शहाऐंशीची. तिने फॉर्म भरायला नकार दिला. ७ मेच्या उकाड्यात, चांगलं लुगडं नेसून, दादाच्या रिक्षेतून केंद्रावर गेली. मी म्हटलं, "अगं कशाला? इतकं सगळं बघितलंस, सगळे सारखेच आहेत." तिला ते आवडलं नाही. म्हणाली, "सगळे सारखे नसतात. तू लांब आहेस म्हणून तुला सारखे दिसतात." त्यावर मला काही बोलता आलं नाही, आणि अजूनही येत नाही.

त्याच वर्षी मामीच्या खात्यात लाडकी बहीणचे पंधराशे रुपये यायला लागले. निवडणूक तोंडावर असताना आले, हे उघड आहे. मंडळात त्यावर बरंच हसणं झालं, बायकांनी मतं विकली वगैरे. मला ते हसणं सहन झालं नाही. मामी म्हणाली, "माझ्या एकटीच्या नावावर दर महिन्याला पैसे आयुष्यात पहिल्यांदा आले." तिने त्यातून चष्मा केला. चष्म्यासाठी नवऱ्याकडे हात पसरायला लागला नाही, याचं मोल मला कळतं. आणि तरी सरकारने हे असं, अशा वेळी द्यावं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर काय? मराठी असणं म्हणजे भांडणं नव्हे. आमच्या घरात तरी राजकारणावर बोलणं हा जेवणाइतका रोजचा भाग होता, पण त्यात ताट सोडून कोणी उठून जात नसे. अण्णा उठले होते तेही दादाने त्या माणसाचं मत वाया गेलं असं सुचवलं म्हणून. सतीशकाकांचं उठून जाणं मला पसंत नाही, हे मी त्यांना सांगणार आहे.

तू त्या बातम्या बघाव्यास अशी माझी अपेक्षा नाही. मराठी वाहिन्या तर नकोच, मीही आता कमी केल्या आहेत. थोड्याच वर्षांत तुला इथे मत मिळेल, ते तुझं आहे, कोणाला दिलंस हे मी विचारणार नाही. या पत्राला उत्तर दे, इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल. खास करून मामीच्या पंधराशे रुपयांबद्दल तुला काय वाटतं ते लिही. त्यावर बाबांचं आणि माझं एकमत नाही, आणि बाबा म्हणतात की तू त्यांच्या बाजूने असशील.

तुझी,
आई