ध्यानात प्रगती हवी असेल तर गाणी ऐकणं सोडावं लागतं का?

गृहस्थ असाल तर नाही. पंचशीलात, म्हणजे बौद्ध गृहस्थाच्या पाच नियमांत, गाण्याबजावण्याचा विषयच नाही. ते टाळण्याचा नियम येतो अष्टशीलात, म्हणजे उपोसथाला (पौर्णिमेसारख्या व्रताच्या दिवशी) किंवा ध्यानशिबिरात पाळायच्या आठ नियमांत, तेवढ्या काळापुरता. भिक्षूंना मात्र कायमचा.

बुद्धांना संगीताचं वावडं होतं असंही नाही. दीघ निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख गंधर्व त्यांना वीणेवर चक्क प्रेमगीत ऐकवतो, आणि तुझ्या तारांचा सूर गळ्याशी छान जुळतो, असं बुद्ध त्याला सांगतात. (म्हणून बुद्धांना गाण्याचा शौक होता असं कुणी म्हणालं तर ते मात्र ओढूनताणून.) दुसरीकडे, भिक्षूंनी धम्म लांब ताना घेऊन म्हणण्यात त्यांनी दोष दाखवलेत: म्हणणारा स्वतःच्याच सुरावर भाळतो आणि समाधी मोडते. तेव्हा 'भक्तिगीतं तरी चालतील ना?' या प्रश्नातही फारसा अर्थ नाही.

खरी अडचण कामच्छंदाची, म्हणजे इंद्रियसुखाच्या ओढीची. ध्यान अडवणाऱ्या पाच नीवरणांतलं हे पहिलं. अंगुत्तर निकाय या दुसऱ्या संग्रहात म्हटलंय की जगातल्या सुंदर वस्तू म्हणजे काम (वासना) नव्हे. माणसाच्या मनातला संकल्पराग, म्हणजे विचारांतून येणारी आसक्ती, हाच काम. वस्तू बिचाऱ्या जागच्या जागीच असतात.

माझं सांगतो. आनापानाला, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायला, बसलं की ऐकलेल्या गाण्याचं धृपद सुरू होतं. हाकलायला गेलं की आणखी जोर धरतं. पण नीट पाहिलं तर ओळ संपता संपता पुढच्या ओळीसाठी घशाशी बारीकशी ओढ जाणवते. तिच्याकडे लक्ष गेलं की गाणं विरतं, निदान थोडा वेळ. बसण्याआधी हेडफोन लावलेले असले की हा त्रास जास्त, म्हणून मी आता ध्यानानंतरच ऐकतो.

दातओठ खाऊन सोडण्यात मात्र अर्थ नाही. मन खाण्यात नाहीतर फोनमध्ये वसुली करतं. लोभ अजून मला का घेरतो, असं महानाम शाक्य या गृहस्थ शिष्याने विचारलं तेव्हा बुद्धांनी हेच सांगितलं: कामसुखापलीकडची प्रीती आणि सुख लाभत नाही तोवर माणूस पुन्हा तिकडेच वळतो, समज कितीही असली तरी. कामराग (इंद्रियसुखाची आसक्ती) मुळातून तुटतो तो अनागामी अवस्थेत, म्हणजे मुक्तीच्या चार टप्प्यांतल्या तिसऱ्या. पहिल्या टप्प्यावरच्या स्रोतापन्नालाही तो असतो, मग तुमची-आमची काय कथा.

एक गाणं संपताच दुसरं लावल्याशिवाय राहवत नसेल, तर काही दिवस कामं करताना कान मोकळे ठेवून बघा. शिबिराला गेलात तर तिथला नियम जसाच्या तसा पाळा, सवलत शोधू नका.