तोंडी येतं, कागदावर येत नाही

"तोंडी विचारा, घडाघडा सांगतो. लिहायला बसवलं की चार ओळींत गाडी अडते, आणि त्या चार ओळींचाही एकमेकींशी संबंध नसतो." नववी-दहावीच्या पालकांची ही तक्रार मी दर आठवड्याला ऐकते. दहावीच्या मराठीच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे असतात, तेव्हा त्यांची काळजी साहजिक आहे. ओळख पटणार नाही एवढा तपशील बदलून त्यांतल्याच एका मुलाची गोष्ट सांगते.

चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून माय-लेक एसटीनं आले होते. मुलगा नववीत. मायनं पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, खरं सांगा, मना पोऱ्या येडा शे का?" पोरगा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "जे दिसेल ते तुम्हा दोघांसमोर सांगेन."

आधी शंका फेडून घ्यायला हवी होती. काही मुलांना खरोखरच अध्ययन अक्षमता असते. अशी मुलं अडखळत वाचतात, फळ्यावरचं उतरवताना मागे पडतात, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहितात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलतीही मिळतात. म्हणून लिहिता न येणाऱ्या प्रत्येक मुलाला आळशी ठरवू नये. पण या मुलानं वर्तमानपत्रातली बातमी न थांबता वाचली, त्यातल्या पाच ओळी भराभर आणि बिनचूक उतरवल्या. त्याची अडचण वेगळी होती, आणि ती वहीतच होती.

विषय होता 'मी अनुभवलेले वादळ'. त्यानं लिहिलं होतं: "पाऊस हा सर्वांना आवडतो. पावसात मोर नाचतो. आमच्याकडे केळी आहे. केळी खाल्ल्याने शक्ती मिळते. त्या दिवशी वादळ आले आणि खूप नुकसान झाले आणि वीज गेली. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे." ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना लाल गोल होते आणि खाली शेरा होता, 'सुसंगत लिहा'. हा शेरा मी कितीतरी वह्यांत पाहिला आहे आणि दर वेळी जीव तुटतो. सुसंगत म्हणजे काय करायचं, हे त्या मुलाला कोणी बसून दाखवलेलं नसतं.

मी वही मिटली. म्हटलं, "मला सांग. अहिराणीत, तुमच्या घरच्या बोलीत सांग. तू बोल, मी लिहिते." तो मायकडे पाहू लागला. शाळेत अहिराणी शब्द तोंडातून निघाला की पोरं हसतात, म्हणून परवानगी हवी होती. मी बहिणाबाईंची आठवण दिली. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या गात गेल्या आणि मुलानं आणि आप्तांनी उतरवून घेतलं. मग तो बोलू लागला. "वारा उना, समदी केळी आडी पडनी." मी फक्त एवढंच विचारत राहिले, "मंग काय व्हयनं?" दहा मिनिटं तो सलग बोलला. कुठेही भरकटला नाही. मोर आला नाही, जगाचा पोशिंदा आला नाही.

त्याचं वहीतलं आणि तोंडचं मी कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलं, एका पट्टीवर एक वाक्य, आणि टेबलावर पसरलं. विचारलं, "यातलं एकच सांगायचं असेल तर काय सांगशील?" त्यानं 'वादळ आले' उचललं. मी म्हटलं, "वादळ सगळ्या गावावर आलं. तुझं काय?" तो बराच वेळ गप्प बसला. अशा वेळी मी घाई करत नाही. शेवटी म्हणाला, "बाप दोन दिवस बोलना नही. जेवना बी नही."

ती पट्टी वर ठेवली. आता प्रत्येक पट्टी हातात घेऊन तिला एकच प्रश्न विचारायचा: बाप का बोलला नाही, हे तू सांगतेस का? मोर आपसूक बाजूला गेला. केळीतल्या शक्तीवर मात्र तो अडला. "पण ते चुकीचं नाही ना, मॅडम?"

"चुकीचं नाहीच. तुमच्या बागेत झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिलं का काढता?"

"मोठ्या झाडाचं खातात. घड बारीक पडतो."

"पिलू केळीचंच असतं ना?"

त्यानं ती पट्टी उचलली, क्षणभर हातात धरली आणि वेगळी ठेवत म्हणाला, "हे पिलबागेला राहू द्या." पिलबाग म्हणजे त्याच पिलांवर धरलेलं पुढचं पीक; इथे, पुढचा परिच्छेद. केळीवाल्याच्या पोराला यापुढे समजावायचं काही उरलं नव्हतं.

पट्ट्यांचा क्रम त्यानं स्वतः लावला. प्रमाण मराठीत आणताना सगळीकडे 'आणि' येत होतं, म्हणून 'कारण', 'तरी', 'तेव्हा' असे शब्द छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून दिले आणि दोन वाक्यांच्या मध्ये कोणती चिठ्ठी शोभते ते मोठ्यानं वाचून बघायला सांगितलं. त्यात दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत हे तयार झालं:

"वादळानंतर दोन दिवस माझे वडील कोणाशी बोलले नाहीत. आमची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, कापणीला आली होती आणि व्यापारी भाव सांगून गेला होता. त्याच संध्याकाळी वारा सुटला. मी दारात उभा राहून झाडे मोडल्याचा आवाज ऐकत होतो. सकाळी बागेत गेलो तेव्हा घड चिखलात पडले होते. ते कोणी घेणार नव्हते, कारण माती लागलेल्या केळीला भाव मिळत नाही. वडील एका घडाजवळ बसले आणि फण्या पुसू लागले. दुपारी आईने डबा आणला, तरी ते जेवले नाहीत."

मायनं ते दोनदा वाचलं. म्हणाली, "फण्या पुसत होते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

तेव्हा मी तिला तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मुलासमोर. लिहिताना मुलाच्या डोक्यावर एकाच वेळी चार ओझी असतात: काय सांगायचं, कोणत्या क्रमानं, प्रमाण मराठीत कसं, आणि ऱ्हस्व-दीर्घ. घरची भाषा वेगळी असेल तर तिसरं ओझं जास्तच जड. सगळी एकदम उचलायला लावली की मूल गाइडमधली तयार वाक्यं पकडतं, कारण ती निदान चुकीची नसतात. म्हणून आधी बोलणं, मग निवडणं, मग क्रम, मग लिहिणं, आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी. काही पालक म्हणतात, घरात अहिराणी बंद करतो. कृपा करून करू नका. या मुलाकडे सांगण्यासारखं जे काही होतं ते सगळं अहिराणीतच होतं. घरी रोज दहा मिनिटं द्या, दिवसातली एकच गोष्ट विचारा, मध्येच चूक काढू नका, फक्त 'मंग काय व्हयनं?' म्हणत राहा. नंतर त्यातलं मुख्य वाक्य त्यालाच निवडू द्या.

चार महिने झाले. प्रसंगलेखन आता तो एकटा लिहितो, वेलांट्या अजून चुकतात. वैचारिक लेखनात मात्र अडतो, कारण तिथे 'मग काय झालं' विचारून भागत नाही, 'असं का म्हणतोस' विचारावं लागतं. पुढच्या रविवारसाठी विषय दिला आहे: विहिरीचं पाणी खाली जात असताना केळी लावावी का. येताना वडिलांना घेऊन ये म्हटलंय. या विषयावर ते बोलतील.