रोमानियन गाण्यांतले दुश्मन

भाषा कानात बसावी म्हणून तुम्ही रोमानियन गाणी ऐकताय आणि जिथे तिथे ‘दुश्मान’ ऐकून धास्तावलाय, की रोमानियातल्या क्लुज शहरात आपल्यावर जळणारेच लोक भेटणार का? सात वर्षं इथे राहतेय, म्हणून सविस्तर लिहिते.

शब्द बरोबर ओळखलात. तो आपलाच ‘दुश्मन’, फारसीतला. इकडे तुर्कीतून आला. पण लग्नात गायक यजमानाला उद्देशून ‘तुझी भरभराट बघून दुश्मन जळताहेत’ असं गातो, तेव्हा ते कौतुक असतं. यजमान खूश होऊन नोटा देतो. दुश्मन कोण, हे कुणी विचारत नाही. ‘मानेले’ या लग्नासमारंभांतल्या लोकप्रिय गाण्यांच्या प्रकारात हे फार.

जुन्या लोकगीतांत त्याहून जास्त भेटते ती ‘गुरा लुमी’, म्हणजे जगाचं तोंड. गावच्या कुजबुजीने प्रेम मोडलं, हे दुःख किती गाण्यांत आहे! म्हणच आहे, जगाचं तोंड फक्त मातीच बंद करते. उत्तरेकडच्या मारामुरेश भागात नाचताना ‘स्त्रिगातुरी’, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, ओरडतात. आळशी बायको, नटवी पोरगी, सगळ्यांची खिल्ली तोंडावर. आपल्या फुगडीतले टोमणे आठवतात, आणि पाठीमागे बोलण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं.

आता मत्सर. इथे शाळेत शिकवतात ते ‘मियोरित्सा’ हे लोकगीत कवी वासिले अलेक्सांद्रीने 1850 मध्ये छापलं. तीन मेंढपाळ. त्यातल्या मोल्दोव्हाच्या मेंढपाळाकडे मेंढ्या जास्त, घोडे तयार केलेले, कुत्री दमदार, म्हणून उरलेले दोघे त्याला मारायचा बेत करतात. त्याची लाडकी मेंढी त्याला सावध करते. तो शिव्याशाप देत नाही. मला मेंढवाड्याजवळच पुरा आणि उशाशी बासऱ्या ठेवा, असं मागतो. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मला रडू आलं होतं. मत्सराचं इतकं हळवं गाणं जपणाऱ्यांना घाबरू नका.

काळजी एकाच बाबतीत घ्या. शेजारच्या बाळाला मी ‘किती गोड’ म्हणाले, तर आजीने लगेच थू-थू केलं. मनगटाला लाल दोरा होताच. दृष्टीला इथे ‘देओकी’ म्हणतात. कौतुक केलं की पाठोपाठ ‘सा नू-इ फिए दे देओकी’, म्हणजे दृष्ट न लागो, म्हणायचं. हे वाक्य निघण्याआधीच पाठ करा.