टॉवेलच्या मागाला दोन बीम असतात

चि. पोरास,
अनेक आशीर्वाद.

परवा आलास तेव्हा तू चहाचा कप धरला होतास की कुणाचा गळा, तेच मला कळेना. खांदे कानाला भिडलेले, दातावर दात. बोलता बोलता चार वेळा मोबाइल उलटून पाहिलास. नोकरीचं पत्र हातात आहे, पण जॉइनिंग दोनदा पुढे गेलंय, आणि पुण्याची खोली ठेवायची की सोडायची तेही ठरत नाही. "काका, डोकं शांत व्हायला काहीतरी सांगा," म्हणालास. डोक्यातलं मला फारसं कळत नाही रे. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात उभी हयात काढलेला जॉबर, म्हणजे माग नीट चालता ठेवणारा. ताण मला धाग्यातला कळतो, तेव्हा तिथूनच सांगतो.

टॉवेलचा माग तू लहानपणापासून बघतोस, पण मागच्या बाजूला जाऊन कधी बघितला नसशील. साध्या कापडाला ताण्याचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला, एक बीम पुरतो, टॉवेलला दोन लागतात. एकावरचा ताणा कडक, कापडाचा पाया तो धरतो. दुसऱ्यावरचा मुद्दाम ढिला सोडलेला. दोन-तीन आडवे धागे जरा अलीकडे थांबवून फणी त्यांना एकदम पुढे ठोकते, तेव्हा हा ढिला धागा वर फुगतो आणि त्याची कडी होते. अंगावरचं पाणी टिपते ती हीच कडी. दोन्ही बीम आवळलेस तर टॉवेल नाही, नुसतं जाडंभरडं कापड निघेल.

तुझे सध्या दोन्ही बीम आवळलेले आहेत. कणा ताठ हवाच, पण जबडा, खांदे, पोट कशाला? काळजी लागली की शरीर पळायची नाहीतर भिडायची तयारी करतं: श्वास आखूड, स्नायू कडक. पुढ्यात बैल आला असता तर ती तयारी दोन मिनिटांत खर्ची पडली असती. तारखेची वाट बघताना पळणार कुठं? तयारी अंगातच राहते.

आमचा कारखाना बंद पडला तेव्हा 'सोमवारी चालू होईल' असं ऐकण्यात आठ महिने गेले. झोपेत मी दात खातो, हे तुझ्या काकूनं सांगितलं तेव्हा कळलं. योगवर्गाला जाऊ लागलो तर तिथंही ओव्हरटाइम केल्यासारखा भिडलो. पश्चिमोत्तानासनात, पाय पसरून पुढं वाकताना, अंगठा धरायचाच म्हणून हिसका दिला आणि पंधरा दिवस कंबर धरून बसलो. तेव्हा गुरुजींनी पतंजलींचं सूत्र ऐकवलं, 'स्थिरसुखमासनम्'. म्हणाले, "तुमचं स्थिर नाही, आणि सुख तर नाहीच नाही." अजून आठवलं की हसू येतं.

तू एवढंच कर. दिवस मावळल्यावर खालच्या फरशीवर सतरंजी टाक. गच्चीवर नको, आपल्याकडं उन्हाळ्यात स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला असतो. उताणा झोप, पोटऱ्या खुर्चीवर ठेव. आधी खांदे. 'ढिले हो' म्हटल्यानं ते ढिले होत नाहीत, मीही हा हुकूम पुष्कळदा सोडून पाहिलाय. श्वास घेत कानापर्यंत खेच, तीन आकडे कडक धर, मग सोडून दे. पाच-सहा वेळा. आधी कडक केल्यावर ढिलं म्हणजे काय ते स्नायूला समजतं.

मग डाव्या मनगटाची नाडी बोटांनी धर. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. जरा वेळानं नीट लक्ष दे: श्वास घेताना ठोके किंचित भराभर पडतात, सोडताना लांबतात. हृदयाला थेट हुकूम देता येत नाही, पण सुटणारा श्वास लांबवून त्याला सावकाश करता येतं. नाकानंच, ओढाताण न करता, दहा मिनिटं. श्वास कोंडायचा नाही. घुसमटलास तर आकडे सोड आणि नेहमीसारखा श्वास घे.

शेवटी बसून पाच वेळा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. लागले तर गुणगुणताना दातांत झिणझिणी येते आणि चोरी पकडली जाते. मोबाइलवर बघून जोरजोरात कपालभाती चालवलीस म्हणे. सध्या ती बंद. तापलेल्या इंजिनाला आणखी रेस कशाला?

यानं कंपनीची मेल येणार नाही, हे आधीच सांगतो. मेल न येताही मान वळेल आणि झोप लागेल, एवढंच. दुसरं म्हणजे हाताला मुंग्या येत असतील, छातीत दुखत असेल किंवा आठवडेच्या आठवडे झोप नसेल, तर सतरंजी गुंडाळून ठेव आणि आधी डॉक्टर गाठ. तिथं काकाचं ऐकायचं नाही.

काही दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या नळाची वाट बघत आपलं गाव जगतंच आहे. पण तुझी काकू काही नळापाशी दात खात बसत नाही. घागरी मांडून ठेवते आणि शेंगा कुटायला घेते.

रविवारी सकाळी ये, खांदे कसे सोडतोस ते मला बघायचंय. पण त्या दिवशी आमच्या गल्लीचं पाणी आहे, म्हणून साडेसातच्या आत येऊ नकोस. आलास तर आधी दोन हंडे वर न्यावे लागतील.

तुझा,
काका