फिरायला गेल्याचं स्टेटस टाकल्यामुळं खरंच चोरी होते का?

तुम्ही विचारलंय की आठ दिवस सहलीला जाताना फोटो, स्टेटस टाकावेत का, आणि मागं बंद घराची काय सोय करावी. आमचं घर एकदा फोडलं गेलंय, म्हणून लिहितो.

आम्ही परभणीचे. मे महिन्यात सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली आणि पुढं मनाली असा बेत होता. सचखंडला वाटेत लंगर मिळतो म्हणून बायकोनं स्टीलचे डबे मुद्दाम सोबत घेतले होते. त्या डब्यांचा फोटो पोरानं स्टेटसला टाकला. तिकिटाचा फोटो तर मी आदल्या रात्रीच टाकून मोकळा झालो होतो.

पाचव्या दिवशी समोरच्या काकूंचा फोन. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि नळाचा कॉक बंद करायचं मी विसरलो होतो. हौद भरून पाणी गेटखालून गल्लीभर वाहायला लागलं, तशा काकू भांडायलाच आल्या. बघतात तर दाराचा कोयंडा उचकटलेला आणि कुलूप जसंच्या तसं त्याला लोंबतंय. दोन तोळ्यांची पोत आणि लेकरांचा गल्ला गेला.

पोलिसांनी पहिल्यांदा हेच विचारलं, "तुम्ही जाणार हे कुणाकुणाला माहीत होतं?" दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, बायकोची अख्खी भिशी. वर स्टेटस. व्हॉट्सॲपचं स्टेटस दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच दिसतं, हे मला माहीत होतं. पण माझं दुकान आहे, नऊशेच्या वर नंबर सेव्ह आहेत, त्यातले निम्मे चेहरेही आठवत नाहीत. चोर सापडला नाही, म्हणून स्टेटसमुळंच झालं असं छातीठोक सांगत नाही. पण फेसबुक चाळत बसलेला कुणी लांबचा चोर उठून परभणीला येईल असंही मला वाटत नाही. आपल्याकडं बातमी फिरते ती ओळखीच्याच्या ओळखीतून.

तेव्हापासून फोटो घरी आल्यावर टाकतो. अगदीच राहवलं नाही तर स्टेटसच्या सेटिंगमध्ये ठरावीक माणसं निवडता येतात, तेवढ्या सात-आठ जणांना दाखवतो. तिकिटाचा फोटो मात्र कुणालाच नाही. पीएनआर टाकला की गाडी आणि तारीख कुणालाही दिसते, आणि जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं एकत्र टाकली तर घर किती दिवस बंद आहे हे आपणच सांगितल्यासारखं होतं. पोरांचं इन्स्टाग्राम सगळ्यांना उघडं आहे का, तेही एकदा बघा. आपण गप्प बसतो आणि ती पोस्ट टाकतात.

घराचं म्हणाल तर कुलपावर पैसे घालण्याआधी कोयंडा बघा. आमचा चौकटीत बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूवर होता. आता आरपार बोल्ट मारून घेतलाय. कॅमेरे लावणार असाल तर राऊटरसकट सगळं इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की कॅमेराही गेला. शिवाय रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही काखेत मारून नेतात. जाताना ठाण्यात तोंडी कळवा, काकूंना ११२ नंबर देऊन ठेवा.

सोनं लॉकरमध्ये ठेवा, पण एक लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणं चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट इतकीच. म्हणजे भाडं २,००० रुपये असेल तर २ लाख. आत दहा तोळे असले तरी तेवढेच. म्हणून दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो जपून ठेवा, विम्यालाही तेच लागतात.

आणि दारात रोजचा सडा-रांगोळी नाही, पेपर पडलेत, भर उन्हाळ्यात कूलर बंद आहे, हे गल्लीतून जाणाऱ्याला स्टेटसशिवायही दिसतं. त्यामुळं पेपर-दूध बंद करायचं, पण 'गावाला चाललोय' असं न सांगता. बाकी सगळं काकूंकडं. त्या सकाळी आमच्याही दारात चार ठिपके काढतात, पाण्याच्या दिवशी कॉक बघतात. मागच्या खेपेला त्यांच्यासाठी शाल आणली, तर म्हणाल्या, "परभणीच्या उन्हात शाल कुठं पांघरू रे बाबा, पुढच्या वेळी सफरचंदं आण."