तिसरं रीडिंग

"मूळची नगरकडची, पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करतेय. रविवारी उपासनेला निघाले की गाईड म्हणतात, 'जिवाणूंचं कल्चर काही रविवार पाळत नाही.' एक सीनियर हसतो, 'उत्क्रांती शिकतेस आणि चर्चलाही जातेस?' आई म्हणते, शिकून देवाला विसरलीस. मागच्या महिन्यात प्रयोगातलं, बाकीच्यांशी जुळत नसलेलं तिसरं रीडिंग गाळायला त्याच सीनियरनं सांगितलं. मी नाही म्हटलं, तेव्हापासून तो बोलत नाही. मी दोन्हीकडे खोटी वागतेय का?"

सलाम मुली,

तुझं पत्र चार पानी होतं, मी छाटलंय. त्यात चुकलेल्या उपासनांना दोन पानं आणि तिसऱ्या रीडिंगला दोन ओळी! मी उलट केलं असतं. ते रीडिंग वहीत तारखेसकट राहू दे. पुन्हा कुणी गाळायला सांगितलं, तर वही घेऊन थेट गाईडकडे जा.

आता रविवार. गाईडांचं खरंच आहे, जिवाणू वाढायचे थांबत नाहीत. पण अडचण दोन-तीन तासांचीच आहे ना? सुट्टी मागू नकोस, अदलाबदल सुचव: रविवारी सकाळची रीडिंगं मैत्रीण घेईल, दिवाळीत तिची तू घेशील. एखाद्या रविवारी नाहीच जमलं, तर जीव जाळू नकोस. शब्बाथ माणसासाठी झाला, हे येशूनंच सांगितलंय.

सीनियरला एवढंच विचार, आनुवंशिकतेचे नियम ज्यांतून कळले, ते मेंडेलचे वाटाण्यांचे प्रयोग झाले कुठे? युरोपात, ब्रनोच्या ख्रिस्ती मठात. त्याचा निबंध १८६६ साली छापून आला आणि दोन वर्षांनी तो त्याच मठाचा प्रमुख झाला. विचारून झालं की विषय सोड, चहाला चल म्हण. अबोला तुलाही जड जातोय, ते पत्रात दिसतं.

राहिली आई. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे चेल्टनहॅमला शिकताना मिशनच्या सिस्टरबाईंशी त्यांचे पत्रांतून खटके उडाले. एका पुरोहितवर्गाचं जोखड कष्टानं उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच, बरं का! त्यामानानं तुझी आई सोपी आहे. तिला काळजी वाटतेय आणि तू फोनवर फक्त हजेरी देतेस: गेले, नाही गेले. पुढच्या वेळी तिला त्या रीडिंगची गोष्ट सांग. पीएच.डी. तिला कळत नसेल, हे बरोबर कळेल.

तुझी,
ताई