‘थोडे दिवस वावरात पाठवा’ म्हणण्याआधी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रं काढून बसले, तर निम्म्यांत एकच विषय निघाला. मुलगा शाळेत जात नाही, शेतावर ठेवू का? मुलगी बोलत नाही, गोठ्यात काम दिलं तर मोकळी होईल का? कुणीतरी एक व्हिडिओ फिरवलाय. त्यात वासराच्या गळ्यात पडून रडणारा मुलगा आहे आणि खाली लिहिलंय, ‘गोळ्यांविना बरा’. त्यामुळे आमच्या मानसोपचाराच्या ओपीडीत येणारे आईबापही केसपेपर पुढे करण्याआधी शेताचं विचारतात. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा निवडक प्रश्न इथेच घेते.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले. आता शाळा बुडवतो, चिडला की भांडी फेकतो. सर म्हणाले, थोडे दिवस नातेवाइकांच्या मळ्यात पाठवा, सुधारेल. हा खरंच उपचार आहे का? (एक आई, अमळनेर)

ताई, अशी पद्धत आहे, पण सरांच्या डोक्यात आहे ती ही नव्हे. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एका शेतावर १९७६ पासून शहरातल्या गरीब वस्तीतली मुलं आठवडाभर राहायला आणली जाऊ लागली. इंग्लंडमधल्याच ‘जेमीज फार्म’ या संस्थेत शाळेतून गळण्याच्या बेतात असलेली मुलं स्वतःच्या शिक्षकांसोबत पाच दिवस राहतात. मेंढ्या हाकतात, लाकडं फोडतात, सगळ्यांचा स्वयंपाक करतात, एका टेबलावर जेवतात आणि रोज गोल करून बसून बोलतात. नेदरलँड्समध्ये तर अशी शुश्रूषेची शेतं हजाराच्या वर आहेत. तिथे मुलांसोबत म्हातारी माणसंही येतात.

यात गुण आहे तो कशात? बकरी मार्क विचारत नाही. पण तिला पाणी वेळेवर द्यावंच लागतं, तिथे ‘मूड नाही’ चालत नाही. आणि माझ्यासमोर खुर्चीत बसून तासभर ‘हं’ एवढंच म्हणणारा पोरगा शेणाची पाटी भरता भरता आपोआप बोलू लागतो, कारण तेव्हा त्याच्या डोळ्यांत कुणी बघत नसतं. मात्र शेजारी पाटी भरणारं मोठं माणूस ऐकून घेणारं हवं. ते नसेल तर ती नुसती शेणाची पाटी. अभ्यासांत मुलांचा मूड आणि वागणूक सुधारल्याचं दिसतं, पण बहुतेक अभ्यास लहान आणि थोड्या मुदतीचे आहेत. म्हणून मी याला जोड म्हणते, उपचाराची जागा देत नाही.

तुमच्या मुलाचं भांडी फेकणं हे न रडलेलं रडणं असेल, उदासीनतेचा आजार असेल किंवा आणखी काही. पत्रावरून सांगणं हा फसवेपणा होईल. पण बाप गेलेल्या मुलाला ‘तू मळ्यात जा’ म्हटलं, तर त्याला ऐकू काय येईल? आईलाही मी नको. आधी त्याला दाखवा. शेताचं नंतर बघू.

प्रश्न : गायीला मिठी मारल्याने नैराश्य जातं का? (धुळे)

नाही. आणि अनोळखी गायीला मिठी मारू नका.

प्रश्न : एका केंद्राची जाहिरात पाहिली. २१ दिवस शेतावर मुक्काम, मोबाईल आणि व्यसन सुटण्याची लेखी हमी, ४५ हजार रुपये. तेवढे दिवस पालकांना भेटता किंवा फोन करता येत नाही, त्यामुळे मूल ‘खंबीर’ होतं असं ते सांगतात. पाठवावं का? (चाळीसगाव)

नका पाठवू. हमी हा शब्द दिसला की पाकीट खिशात ठेवायचं. मनाच्या आजाराची लेखी हमी मी २३ वर्षांत कुणाला दिलेली नाही. दिली असती तर माझंही शेत झालं असतं.

पण पैशांपेक्षा मला खुपतो तो भेटबंदीचा नियम. मुलाला मारलं, उपाशी ठेवलं किंवा त्याहून वाईट काही झालं, तर ते बाहेर कळू नये याची ती सोय असते. आपलं मूल कुठे झोपतं हे बघायला आईबापाला मज्जाव असेल, तिथे मूल ठेवायचं नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला बालन्याय अधिनियम २०१५ खाली नोंदणी करावी लागते. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून उपचार करायचे असतील, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ची वेगळी नोंदणी लागते. ‘आम्ही फक्त शेत आहोत’ असं म्हणून दोन्हीतून निसटणारे आहेत. नोंदणीचा कागद मागा. तो दाखवताना कपाळावर आठी पडली, तर उत्तर मिळालंच. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे विचारणा करता येते. तिथे पैसे लागत नाहीत.

व्यसनाबद्दल एक वाक्य : रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ती तोडायची जागा दवाखाना.

प्रश्न : भाचा १३ वर्षांचा. त्याला माझ्या वावरात आणून कपाशी वेचायला लावली तर तोच फायदा होईल ना? दोन पैसेही मिळतील. (पारोळा)

दोन पैसे कुणाला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाला हातभार लावण्याची सवलत आहे ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि तीही धोक्याच्या कामाला नाही. कायदा बाजूला ठेवला तरी माझी एक सोपी कसोटी आहे. पोरगा एक दिवस काहीच न करता बांधावर बसून राहिला, तर कुणाचं नुकसान होतं? कुणाचंच नाही, तर तो मुक्काम. मालकाचं होत असेल, तर ती सालदारकी, म्हणजे मजुरी. भाच्याला बोलवा, भरीत-भाकरी खाऊ घाला, बैलांना पाणी दाखवू द्या आणि शाळा उघडायच्या आत परत पोचवा.

प्रश्न : माझं यावल तालुक्यात सात एकर केळी आणि कपाशीचं शेत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली आणि आईबाप नसलेली दहाएक मुलं सुट्टीत आठवडाभर ठेवावी असं मनात आहे. खोल्या, संडास, सौर दिवे, कॅमेरे झाले. दोन गीर गाई घेतल्या. आणखी काय करू? (एक शेतकरी)

भाऊ, मन मोठं आहे तुमचं, म्हणूनच तुमच्या पत्राला जास्त जागा देते. टाइल्सचा रंगसुद्धा लिहिलात. फवारणीची औषधं कुठे ठेवता, हे लिहिलं नाहीत.

आपल्या खान्देशात ‘औषध’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि रात्री दोन वाजता कुणी दारात येऊन ‘पोरीने औषध घेतलं’ म्हटलं, तर कुठलं औषध हे कुणाला विचारावं लागत नाही. आजारावरची गोळी आपण फळीवर, देवाजवळ, जपून ठेवतो. पिकावरचं विष मात्र झोपडीत खाटेखाली, आढ्याला टांगलेल्या पिशवीत किंवा थंडपेयाच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं. मी बघितलंय. ज्या शेतांवर मला उद्घाटनाला बोलावलं तिथेही बघितलंय.

तुमच्याकडे येणार कोण? ज्यांचं कुणी गेलंय, ज्यांना कुणी मारलंय, सहा महिने आईबापाचं तोंड न बघितलेली पोरं. या वयात मरणाचा विचार आणि कृती यांच्यात कित्येकदा काही मिनिटांचंच अंतर असतं. ती मिनिटं टळली, हाताला काही लागलं नाही, तर बहुतेक मुलं वाचतात आणि पुढे जगतात. ‘ज्याला करायचंय तो करतोच’ हे गावोगाव ऐकू येणारं वाक्य साफ खोटं आहे. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकं बाजारातून काढली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. माणसांची दुःखं तीच होती. विष हाताशी नव्हतं.

तेव्हा ऐका. मुलं असतील तेवढे दिवस शेतावर एक थेंबही नको. कुलूपबंद पेटी दुसऱ्याच ठिकाणी, किल्ली एकाच मोठ्या माणसाच्या खिशात. उंदरांचं औषध आणि धान्यात ठेवायच्या गोळ्याही त्याच पेटीत. रिकामे डबे पाण्याला, दुधाला, कशालाही वापरायचे नाहीत. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे. त्या आठवड्यात फवारणी बंद, आणि बांधालगतच्या शेजाऱ्याशीही बोलून ठेवा, वारा बांध ओळखत नाही. यवतमाळात २०१७ साली कपाशी फवारताना माणसं दगावली, ती विष प्यायली नव्हती. ‘आमचं शेत सेंद्रिय आहे’ असं सांगणाऱ्यांनीही आधी कोठी उघडून दाखवावी.

अपघात झालाच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही. कपडे काढा, अंग धुवा, डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे, गाडी कुणाची, रात्री ती चालवणार कोण, हे मुलं यायच्या आधी ठरलेलं हवं. तेच सापाच्या बाबतीत. मांत्रिक नको, सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं रुग्णालय हवं. विहिरीला कठडा आहे का, तेही लिहिलं नाहीत.

आणि कॅमेरे झोपायच्या खोलीतून काढा. त्यापेक्षा रात्री जागं राहणारं एक माणूस ठेवा, मुली असतील तर बाई. या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी करून घ्या. दहा मुलांमागे निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक हवा. एखादं मूल गप्प झालं, वस्तू वाटून टाकू लागलं, ‘माझ्यामुळेच सगळ्यांना त्रास’ म्हणू लागलं, तर त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट मूल सुटल्यासारखं बोलतं. मग त्याला एकटं सोडायचं नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८. हे आकडे भिंतीवर रंगवा, टाइल्सपेक्षा कामाचे आहेत. यातलं काही करायच्या आधी बालकल्याण समितीला आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाला भेटा. गाई नंतर घेतल्या असत्या तरी चाललं असतं.

प्रश्न : मुलाला फिटच्या गोळ्या चालू आहेत. मे महिन्यात शेतशिबिर आहे. निसर्गात राहणारच आहे तर तेवढे दिवस गोळ्या थांबवल्या तर चालेल? (जामनेर)

एकही गोळी थांबवायची नाही. फिटची गोळी अचानक तुटली की फिट येते, आणि ती विहिरीच्या काठावरही येऊ शकते. मुळात जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना मुलांना शेतात नेणारा आयोजक मला समजत नाही. लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्याला घाम जाऊन पाणी कमी पडलं, तर रक्तातलं औषध धोक्याच्या पातळीवर जातं. मनाच्या आजारावरच्या इतरही काही गोळ्यांनी अंगाला उष्णता सोसत नाही. डॉक्टरांना विचारून हिवाळ्यात पाठवा.

प्रश्न : किमान वय किती असावं? (शिरपूर)

आईवाचून चार रात्री आनंदाने राहू शकेल एवढं.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत पावरा आणि भिल्ल मुलं आहेत. एक संस्था त्यांना ‘मातीशी नातं जोडायला’ शेतावर नेऊ म्हणते. ही मुलं मातीतूनच आलीत. दिवाळीनंतर निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात. यांना शेतावर नेऊन काय साधणार? (अधीक्षिका, अक्राणी)

तुमचा प्रश्न त्या संस्थेने स्वतःला आधी विचारायला हवा होता. फ्लॅटमधल्या मुलाला माती नवी. तुमच्या मुलांना ती माहीत आहे, आणि त्या मातीसोबत मुकादमाची उचलही माहीत आहे. त्यांना कोयता दाखवून ‘बघा, श्रमाचा आनंद’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

तरीही एकदम नकार देऊ नका. मागे एका मुक्कामात मी होते, तिथे शहरातल्या एका स्वयंसेवकाला शेळी धरता येईना. तुमच्यासारख्याच एका मुलाने त्याला शिकवलं. वर्षभर वर्गात मराठीत अडखळणारं ते पोर तासभर पावरी बोलीत सूचना देत होतं आणि बाकीचे निमूट ऐकत होते. यात जमलं काही असेल, तर ते हे. मूल तिथे शिकवणारं असेल, त्याची भाषा समजणारं माणूस असेल, तर न्या. आणि होळीच्या दिवसांत मुळीच नको, तो त्यांचा मोठा सण, तेव्हा मुलं घरीच हवीत. ज्या मुलांची झोप, भूक किंवा बोलणं आईबाप ऊसतोडीला गेल्यापासून बदललंय, त्यांना मात्र शेताची वाट न बघता नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात आणा.

प्रश्न : मी १७ वर्षांचा, भुसावळजवळ एका संस्थेत राहतो. पावसाळ्यात आम्हाला सहा दिवस शेतावर नेलं होतं. तिथे मला झोप लागायची. परत आल्यावर आठवड्यात सगळं पहिल्यासारखं झालं. माझ्यातच काही बिघाड आहे का?

नाही. सहा दिवस अंग दमत होतं, हातात फोन नव्हता, सकाळी कुणीतरी तुझी वाट बघत होतं. परत आल्यावर हे तिन्ही एकाच दिवशी संपलं. झोप उडाली नसती तर नवल. मुक्काम घडवून आणून नंतर एक फोनही न करणाऱ्यांचा मला राग येतो, तो याच कारणाने.

१८ पूर्ण झाल्यावर कुठे जायचं, हीही काळजी रात्री येत असेल, लिहिली नाहीस तरी. कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, सोय २१ वर्षांपर्यंत आहे. अधीक्षकांना आत्ताच विचार, वाढदिवसाची वाट बघू नकोस. झोप किती दिवसांपासून नाही, मधे जाग आली की काय विचार येतात, हे कागदावर लिही आणि त्यांच्यासोबत सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात ये. जीव नकोसा वाटला, तर त्या दिवसाची वाट न बघता १४४१६ लाव, रात्री तीन वाजताही.

आणि शेतावरच्या कुणाशी बोलावंसं वाटतं, त्याचं नाव अधीक्षकांना सांग. शेळी व्यायली का, एवढंच विचारायला फोन केलास तरी चालेल.